डावा गुडघा आणि पसरणीचा घाट

ती. बाबांना,


गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "गाडी विकून टाकू या. नुसती उभी राहून खराब होतेय." आवाज चढलेला नव्हता, कुरकुर नव्हती. परसातली वठलेली फांदी तोडायला सांगावी, तसं सांगितलंत. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही.

हे सगळं फोनवर बोलले असते, पण विषय नकोसा झाला की तुम्ही फोन आईकडे देता. छापलेलं मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. म्हणून पत्र, आणि म्हणून असं चारचौघांत. शिवाय डावा गुडघा बदलल्यावर स्टीअरिंगपासून लांब गेलेले तुम्ही एकटे नाही. त्यांतल्या कुणाच्या घरी हे वाचलं गेलं तर बरंच होईल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला, जिने चढा, पण क्लचचा ताण नको. गाडी चालवायचीच असेल तर ऑटोमॅटिक घ्या. त्यावर दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तुम्ही मला विचारलंत, "बिनगिअरच्या गाडीत मी नुसता बसलेला असेन. चालवत कोण असेल?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते. मी स्वतः सहा गिअरची मॅन्युअल चालवते आणि माझे पाय साथ देतील तोवर तीच चालवणार आहे. त्यामुळे ऑटोमॅटिकची भलामण करायला मी बसलेली नाही. तुमच्याइतकीच मी मॅन्युअलच्या बाजूची आहे. आणि त्या बाजूला उभं राहूनच सांगते, तुम्ही दोन क्लचची ऑटोमॅटिक घ्या. लवकर घ्या.

तुम्हाला आठवतं का, मी सातवीत होते, तेव्हा तुम्ही ती ऑक्टाव्हिया आरएस सेकंडहँड घेतलीत. 2004 साली ती भारतात आली, तेव्हा टर्बो लावलेली पेट्रोल सेडान म्हणजे काय हे वाईत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 1.8 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती, पाच गिअर. पहिल्याच रविवारी पसरणीच्या घाटात मला पुढे बसवलंत. गिअरच्या मुठीवर माझा हात, माझ्या हातावर तुमचा. "काट्याकडे बघू नकोस, आवाज ऐक. आता बारीक शिट्टी येईल. ती आली की गाडी आपली." आणि खरंच, आधी कुठून तरी लांबून यावी तशी शिट्टी आली, मग पाठ सीटला टेकली. खाली वाई, कृष्णेची रेघ, धोमचं पाणी, सगळं एका दमात मागे गेलं.

ती शिट्टी कशाची, हे मला पुढे कॉलेजात कळलं. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. वायूचा जोर नसेल तर पंखा मंद, पंखा मंद तर हवा कमी, हवा कमी तर जोर नाही. आपल्या गाडीची पूर्ण ओढ, 210 न्यूटन-मीटर, मिनिटाला 1,750 फेऱ्यांपासून मिळायची. त्याच्या खाली ती अगदी साध्या गाडीसारखी रेंगाळायची. साध्या इंजिनात चुकीचा गिअर पडला तर थोडी ताकद जाते. टर्बोत चुकीचा पडला तर वाट बघावी लागते, आणि चढावरच्या वळणात वाट बघण्याइतकं वाईट काही नाही. म्हणून तुम्ही वळण दिसायच्या आधी दुसरा टाकायचात. "वळण संपल्यावर गिअर शोधतो तो ड्रायव्हर नव्हे," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. गिअर बदलताना आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि क्लच दाबतो. तेवढ्यात टर्बोनं जमवलेला दाब वाया जातो. तो "फुस्स" आवाज तुम्हाला फार आवडायचा, मला अजून आवडतो. पण तो आपण कष्टानं मिळवलेली हवा सोडून दिल्याचा आवाज आहे. पुढच्या गिअरमध्ये ती पुन्हा जमवायची. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये हे होत नाही. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार बसलेला असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. चाकांकडे जाणारी ओढ तुटत नाही आणि दाबही पडत नाही. तुमचा हात कितीही सफाईदार असो, माझा कितीही चपळ असो, हे आपल्याला जमणार नाही. टर्बोला खरं तर हाच गिअरबॉक्स जास्त मानवतो. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

आणि ही कल्पना कालची नाही. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या बनवणारा फ्रेंच अभियंता अडोल्फ केग्रेस यानं ती दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मांडली होती. ऐंशीच्या दशकात पोर्शेनं ती शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिली आणि 2003 मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर32 मधून ती डीएसजी या नावानं बाजारात आली. आळशी माणसांची सोय म्हणून ती जन्मली, असं तुम्ही म्हणता ते बरोबर नाही. वेगासाठी तिला इतकं जपलं गेलं.

2017 साली ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा भारतात आली, 230 अश्वशक्तीची. तुम्ही किती वाट पाहिली होतीत. बातमीत वाचलंत की ती फक्त सहा गिअरच्या डीएसजीत मिळेल, मॅन्युअल नाहीच, तेव्हा पेपर घडी घालून बाजूला ठेवलात आणि त्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाहीत. 2020 ची 245 अश्वशक्तीची आली, तीही फक्त डीएसजीतच. तुमचं दुःख मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. बाहेर तरी वेगळं काय झालं? बीएमडब्ल्यूनं 2020 मध्ये जाहीर केलेल्या एम3 मध्ये मॅन्युअल हवी तर कमी ताकदीची, 480 अश्वशक्तीचीच घ्यावी लागायची. 510 ची कॉम्पिटिशन फक्त ऑटोमॅटिक. म्हणजे ज्यांना गाडी स्वतःच्या हातानं हाकायची आहे, त्यांनाच दुय्यम गाडी. हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याला शिकायचंय, ज्याचे पाय धड आहेत, त्याला क्लच मिळायलाच हवा. चाकणला बनणारी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी प्लस 2022 मध्ये आली ती फक्त डीएसजीत. पुढच्या वर्षी तिच्यात मॅन्युअल आली तेव्हा मी घेतली. पैसे भरताना तुमच्या त्या घडी घातलेल्या पेपरची आठवण झाली होती.

पण तुमच्या प्रश्नाकडे येते. चालवत कोण असेल?

गेल्या महिन्यात मैत्रिणीची डीएसजीची व्हर्टस घेऊन मी मुद्दाम पसरणीच्या घाटात गेले. इंजिन माझ्या गाडीतलंच, 1.5 लिटर, 150 अश्वशक्ती, 250 न्यूटन-मीटर. फरक फक्त गिअरबॉक्सचा. डी मध्ये टाकली आणि तिच्या मनानं जाऊ दिली. पहिल्या तीव्र वळणावर तिनं मला फसवलं. ॲव्हरेज राखायला ती वरच्या गिअरमध्ये चालली होती. मी वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा कुठे तिला कळलं की चढ आहे. मग दोन गिअर खाली, मग टर्बो, मग ओढ. तोवर वळण संपून गेलं होतं. वळण संपल्यावर गिअर शोधतो तो ड्रायव्हर नव्हे, बाबा. यंत्राला फेरे कळतात, वेग कळतो, पायाचा दाब कळतो. वळण दिसत नाही.

मग मी एस, म्हणजे स्पोर्टमध्ये टाकली आणि स्टीअरिंगमागचं डावं पॅडल वापरलं. तुम्ही जिथे दुसरा टाकायचात, त्या जागा मला पाठ आहेत. कठड्याचा तुटका दगड, मग ते वाकलेलं झाड. तिथे पॅडल ओढलं. इंजिननं स्वतःच फेरे जुळवून घेतले, धक्का नाही, आणि वळणाच्या तोंडाशी टर्बो भरलेला. अगदी तुमच्यासारखी निघाली ती. मी वर पाचगणीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुमची कला हातात आणि डाव्या पायात आहे. ती डोळ्यांत आणि कानांत होती. हात-पाय नुसता निरोप पोचवत होते. आता निरोप पोचवायला दोन बोटं पुरतात. कुठे, कधी, कितवा, हे अजूनही तुम्हीच सांगायचं आहे, कारण त्या गाडीत वळण बघणारं दुसरं कुणी नाही.

काही गोष्टी मात्र नव्यानं शिकाव्या लागतील, आणि तुमच्या जुन्या सवयी इथे आड येतील. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची तुमची ती सुंदर खोड इथे चालणार नाही. या सात गिअरच्या डीएसजीचे क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. त्यांची मर्यादा 250 न्यूटन-मीटर आणि इंजिनही नेमकं तेवढंच देतं. ॲक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर ते तापतात. ब्रेकवर पाय ठेवा, निघायचं तेव्हा सरळ निघा. वाईच्या बाजारात गाडी इंचाइंचानं सरकवू नका, पुढे अंतर पडू द्या, मग एकदाच जा. उतारावर डी मध्ये राहू नका, पॅडलनं दुसऱ्यात उतरवा आणि इंजिनचा ब्रेक वापरा, नेहमी वापरता तसाच. आणि डावा पाय बाजूच्या टेकणावर ठेवा, काहीही झालं तरी तिथेच. पहिले काही दिवस तो क्लच शोधायला जाईल आणि चुकून ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी गचकन थांबेल. त्यासाठी आधी घाटात नको, मेणवलीच्या रस्त्यावर सकाळी सराव करू.

एक खरं अडचणीचं आहे. व्हर्टससारखी सेडान खाली असते, गुडघा वाकवून बसावं लागतं. आई म्हणते उंच गाडी घ्या. पण घाटात झुलणाऱ्या उंच गाडीत तुम्ही सुखानं बसाल असं मला वाटत नाही. सीट वर घेता येते, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. मी तुमच्या डॉक्टरांना विचारलंय, त्यांना चालेल.

जे जाणार आहे ते जाणारच, त्याबद्दल तुमच्याशी खोटं बोलणार नाही. क्लच पकडतो त्या क्षणी तळपायाला जाणवणारी ती थरथर पुन्हा मिळणार नाही. टाचेनं ॲक्सिलरेटर आणि चवड्यानं ब्रेक एकाच वेळी सांभाळत गिअर उतरवायचं, जे तुम्ही मला दोन पावसाळे शिकवलंत, ते यंत्र न सांगता करून टाकतं. आणि मुठीवर एका लहान हातावर दुसरा मोठा हात ठेवून काही शिकवता येणार नाही. हे शेवटचं मला फार जड जातं. म्हणून तर मी माझी मॅन्युअल सोडत नाही. दादाचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्याचा हात त्या मुठीवर ठेवायला कुणीतरी लागेल आणि ते काम माझ्याकडे राहू द्या.

आरएस विकायची नाही. येताना मी नवीन बॅटरी आणते. महिन्यातून दोनदा मी ती बाहेर काढीन आणि तुम्ही शेजारी बसून माझ्या चुका सांगा.

शनिवारी पहाटे साडेपाचला पुण्याहून निघते, मैत्रिणीची गाडी घेऊन. खंबाटकीला ट्रक नसतील तर साडेसातपर्यंत वाईत असेन. आईला सांगा, पोहे परत आल्यावर. आधी मेणवली, मग गुडघ्यानं साथ दिली तर वर. तुमचा लांबचा चष्मा तेवढा पुसून ठेवा.

तुमची,
बबू