रेषा आखायची कुणी?

मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ रंगवलेलं असतं आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेषा. माल भरताना रेषा पाण्याखाली गेली, की समजायचं, जास्त झालं! (समुद्र आणि ऋतूप्रमाणे शेजारी आणखी खुणा असतात, पण मुद्दा तोच.) या रेषेला नाव आहे सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराचं. सध्या मी या माणसाचा जाम फॅन झालोय.

जन्म १८२४ चा, ब्रिस्टलचा. लंडनमध्ये कोळशाचा धंदा काढला, तो साफ बसला, आणि साहेब कफल्लक झाले. पुढे सावरले आणि १८६८ मध्ये डर्बीतून निवडून आले. तेव्हा काही मालक जुनाट जहाजं खच्चून भरायचे, वर किमतीपेक्षा जास्त विमा. बुडालं तरी फायदाच! करारावर सही केलेला खलाशी ऐनवेळी 'मी नाही येत' म्हणाला, तर तुरुंग. लोक या जहाजांना शवपेट्याच म्हणत.

रेषेची कल्पना मूळ प्लिमसोलची नव्हे. जेम्स हॉल नावाच्या एका जहाजमालकानेच ती आधी मांडली होती. प्लिमसोलने ती लावून धरली, १८७३ मध्ये 'अवर सीमेन' हे पुस्तक काढलं. २२ जुलै १८७५ ला पंतप्रधान डिझरायलींनी जहाजांचं विधेयक गुंडाळलं, तेव्हा मात्र गडी भडकला. भर सभागृहात सदस्यांना बदमाश म्हणाला! नंतर माफी मागितली, पण शब्दांची. मुद्द्यांची नाही. बाहेर लोक त्याच्याच बाजूने होते.

१८७६ मध्ये कायदा झाला, रेषा सक्तीची झाली. पण ती कुठे आखायची हे ठरवणार कोण? मालक! म्हणजे पासवर्ड सक्तीचा, पण रिकामा ठेवला तरी चालेल. ही पळवाट बुजायला १८९० उजाडलं. तोवर त्याची खासदारकी संपून दहा वर्षं झाली होती. १८९८ मध्ये तो वारला.

मला ती मधली चौदा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. मर्यादा असणं पुरेसं नसतं, ती आखणाऱ्याचा मालात वाटा नसावा लागतो. आमच्याकडे टीमला किती काम झेपेल हे बऱ्याचदा काम विकणाराच ठरवतो. इथे कुणी बुडून मरत नाही हे मान्य, पण रात्री दोनला घरी पोचणारी माणसं मी रोज बघतो.

पुढच्या मीटिंगमध्ये कपॅसिटीची स्लाइड आली, की एवढंच विचारणार आहे: ही रेषा आखली कुणी? बघू काय उत्तर येतं.