फुकटचा वकील



घरातला माणूस कोर्टात हरला की पहिला राग वकिलावर निघतो. त्यात वकील सरकारनं दिलेला असला तर विचारूच नका. "फुकटचा तो, काय लढणार?" अक्कांच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या घरी सध्या हेच चाललंय.

त्यांचा मुलगा एका दुकानात दिवाणजी होता. गल्ल्यातल्या पैशाची अफरातफर केली म्हणून खटला झाला. जामीनदार मिळेना, पोरगा आतच राहिला. कोठडीतल्या आरोपीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसा त्याला लोकअभिरक्षक कार्यालयातला मिळाला. शिक्षा झाली दीड वर्ष.

फी घेत नाही म्हणून वकील वाईट, हे मला पटत नाही. ही मंडळी पूर्णवेळ हेच काम करतात, खासगी केस घेत नाहीत. म्हणून अक्कांना म्हटलं, आधी नकला काढू, मग बोलू.

दोन दुपारी बसून साक्षी वाचल्या. मालकांची उलटतपासणी जेमतेम अर्धं पान. "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही," अशी तीन वाक्यं, संपलं. गल्ल्याला दोन किल्ल्या होत्या, दुसरी मालकांच्या पुतण्याकडे. भाचा म्हणतो, हे वकिलांना सांगितलं होतं. कागदात किल्ली हा शब्दच नाही!

ओळखीच्या वकीलबाईंनी मात्र थांबवलं. उत्तर अंगावर उलटेल असं वाटलं तर प्रश्न न विचारणं हीसुद्धा वकिली असते, म्हणाल्या. बरोबर आहे; अनेकांत नुसता प्रवचनात ऐकायचा नसतो. पण तसं ठरवायला आधी अशिलाशी बोलावं लागतं. तुरुंगात भेट एकही नाही. तारखेला कोर्टाच्या जिन्यात पाच मिनिटं, तीही पोलिसांच्या घाईत. माझं मत इथे पक्कं झालं.

कायदा या तक्रारीला सहज दाद देत नाही. दिल्लीच्या टॅक्सीतल्या बलात्काराच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधीचा वकील कच्चा होता एवढ्यावरून साक्षीदार पुन्हा बोलावता येणार नाहीत. उलट २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात, मध्य प्रदेशातल्या, वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते. तिथे फाशी रद्द करून खटला नव्यानं चालवायला लावला. म्हणजे वकील हुशार होता का, यापेक्षा त्याला तयारीला वेळ मिळाला का आणि त्यानं काय करायचं सोडलं, हे दाखवलेलं बरं.

सत्र न्यायालयात अपील तीस दिवसांत करावं लागतं, ते केलंय. अपिलालाही मोफत वकील मिळतो (हेल्पलाइन १५१००, लिहून ठेवा). दुसरा वकील द्या म्हणून विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज दिला. अक्कांना त्यात "वकील विकला गेला" असं घालायचं होतं. मी घालू दिलं नाही, पुरावा कुठे आहे? तारखा, न झालेल्या भेटी आणि किल्लीचा न विचारलेला प्रश्न, एवढंच लिहिलं.