दिवस लहान झाले की

भातकापणी उरकली की कान्ह्याची हवा बदलते. दिवाळीपर्यंत दुपारी पंखा लागतो, आणि मग एके दिवशी पहाटे इंद्रायणीच्या अंगाने धुकं येतं ते ऊन चांगलं वर आल्याशिवाय हलत नाही. गोधड्या उन्हात टाकायच्या, स्वेटर शोधायचे, पाणी बंबावर तापवायचं की गॅसवर यावर एकदा वाद घालायचा. नव्या तांदळाला पाणी कमी घालायचं. इंद्रायणी मुळातच चिकट, नव्याचा तर गोळाच होतो. मावळात नव्याने आलेल्या सुना पहिल्या वर्षी इथेच फसतात.

हे गावात सगळ्यांकडेच. आमच्या घरात आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे नमाजाच्या वेळा. जूनमध्ये फजरची वेळ साडेचारच्या पुढे लगेच सुरू होते, डिसेंबरात साडेपाच उलटून जातात. मगरिब नोव्हेंबरच्या शेवटीच सहाच्या आसपास येऊन थांबते. वर्षातला सगळ्यात लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो नोव्हेंबरअखेरीस आणि सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्यावर. वर्गात हे सांगितलं की मुलांना पटत नाही. मग मी मशिदीतला वेळांचा तक्ता समोर ठेवते आणि त्यांनाच बोट फिरवायला सांगते.

याच तक्त्यावर आमच्या घरातल्या बायकांचं दुसरं एक गणित चालतं. रमजानमध्ये मासिक पाळीचे, बाळंतपणाचे दिवस आले की रोजा ठेवायचा नसतो. त्या दिवसांतली नमाज माफ आहे, रोजे मात्र नंतर भरून द्यायचे. हजरत आयशा यांच्या हदीसमुळे हे आपल्याला माहीत आहे. हे कजा रोजे बहुतेक बायका थंडीत उरकतात, कारण जूनच्या मानाने रोजा दोन तासांहून अधिक लहान असतो आणि तहान लागत नाही. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2030 साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा सुरू होईल. तेव्हा ही सवलत फारशी उरणार नाही.

पण हे रोजे ठेवले जातात ते चोरून. एकटीने उठायचं, रात्रीची भाकरी चहात बुडवायची, दिवा लावायचा नाही. दिवसभर कुणी खायला दिलं तर "डोकं दुखतंय". भर रमजानात रोजा नसताना सगळ्यांसाठी सहरी रांधणाऱ्या आणि दिवसा दाराआड घोटभर पाणी पिणाऱ्या याच बायका. अल्लाहने दिलेल्या सवलतीची लाज कुणी शिकवली, कोण जाणे. शरियतमध्ये तरी ती मला कुठे सापडली नाही.

2026 चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होणार. माझ्या लेकीचे मागचे सात रोजे बाकी होते. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सात सोमवार-गुरुवारांना गोल केले. बारा वर्षांच्या तिच्या भावाने विचारलं, हे काय? मी सरळ सांगितलं. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, तांदूळ निवडत होत्या. "बच्चे के सामने क्या बोलती तू," म्हणाल्या आणि सूप घेऊन उठून गेल्या.

रात्री त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोटांवर मोजायला लागल्या. दोन बाळंतपणं, दोन्ही रमजानला लागून. पुढच्या वर्षी दूध पाजणं, मग आवणी, मग सासऱ्यांचं आजारपण. हे झाल्यावर ठेवू, ते झाल्यावर ठेवू असं करता करता साखर निघाली, आणि आता इन्सुलिनवर असताना डॉक्टर रोजा ठेवू देत नाहीत. साठ रोजे. चाळीस वर्षं त्या हा आकडा मनात घेऊन वावरत होत्या, आणि घरातल्या एकाही पुरुषाला त्याची गंधवार्ता नव्हती.

बरं होऊन रोजा ठेवण्याची आशाच नसेल तर फिदिया देता येतो. हनफी हिशेबाने एका रोज्यामागे एका गरजूला साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. मुलांच्या अब्बूंना मी एवढंच विचारलं, "अम्मींचे साठ रोजे बाकी आहेत, माहीत आहे का?" ते गप्प झाले. मग फोनवर गुणाकार केला. एकशे पाच किलो. "मला कधी बोलली नाही," म्हणाले. अम्मी आतून म्हणाल्या, "तूने कब पूछा?"

गहू दोन हप्त्यांत द्यायचा ठरलाय. पहिला गेला.

गुरुवारी लेकीचा पहिला कजा रोजा होता. पावणेपाचला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून मी उठले. तिचा भाऊ शाल गुंडाळून गॅससमोर उभा होता, तिच्या वजूसाठी पाणी तापवत. पातेलं भलं मोठं घेतलं होतं, उकळायला अर्धा तास लागला असता. मी त्यातलं निम्मं पाणी काढून घेतलं.