मिठाचा दिवा

बिघडावे कसे, हे पंख्याकडून शिकावे. पंखा बिघडला की फिरायचा थांबतो. मिक्सर बिघडला की जळका वास सुटतो आणि शेजाऱ्यांनाही वर्दी मिळते. आमचे भांडी धुण्याचे यंत्र मात्र बिघडले ते अगदी खानदानी रीतीने. दिवे लागत होते, पाणी आत येत होते, पोटात गडगड चालली होती आणि शेवटी नेहमीप्रमाणे शिटी वाजवून ते काम फत्ते झाल्याची ग्वाही देत होते. फक्त पाणी तापत नव्हते.

हे यंत्र आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडात आले २०२० साली. टाळेबंदीत कामाच्या मावशी येईनाशा झाल्या आणि चार माणसांची भांडी घासून सौभाग्यवतींच्या बोटांना भेगा पडल्या. तेव्हा मी मोठ्या औदार्याने ते विकत घेतले. त्याबरोबर घरातले एकच काम माझ्याकडे आले : यंत्राच्या तळाशी असलेल्या कप्प्यात मीठ भरणे.

यंत्र तसे जुन्या घराण्यातले. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली आपल्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते! बाईंची युक्ती साधी होती : भांडे घासायचे नाही, त्यावर जोराने पाणी मारायचे. आजच्या यंत्रातही तेच चालते. पण घासणारा हात नाही म्हटल्यावर तेलातुपाशी झुंजायला ऊन पाणी हवेच.

परवा ही एक दिवसासाठी बहिणीकडे गेली होती. सकाळी मी यंत्रातून आमटीची वाटी काढली, तो बोटांना बुळबुळीत लागली.

"वाटी काढलीस तेव्हा गरम होती का रे?" आईने विचारले. तिचे अर्धे आयुष्य तांब्याच्या बंबापाशी गेलेले. "नसेल, तर पाणीच तापलेलं नाही. त्यात एवढं काय बघायचंय?"

पण शहाण्या माणसाला इतक्या सरळ निदानाने समाधान वाटत नाही. मी यंत्र सर्वांत कडक धुण्यावर लावले आणि अर्ध्या तासाने दार उघडून तोंड पुढे केले. एरवी वाफेने चष्मा धुरकटतो. आज काचा स्वच्छ! मग घरातले दिवे, पंखे, फ्रीज, सारे बंद करून जिन्याखालच्या विजेच्या मीटरपाशी जाऊन उभा राहिलो. आमच्या मीटरचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. २००० वॅटचा हीटर चालू असता, तर तो सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकला असता. तो दहा-पंधरा सेकंदांनी एकदा डोळा मिचकावीत होता. "साहेब, काही हरवलंय का?" वॉचमनने विचारले.

आत पाणी कमी आले तर हीटर मुद्दामच चालू होत नाही. म्हणून गाळणी साफ केली. तीत लिंबाची एक बी सापडली, दोष नाही. मग प्लग काढून ठेवला आणि भाच्याचा मल्टिमीटर घेऊन यंत्राच्या पाठीशी मांडी ठोकली. पाण्याची ऊब मोजणारा एक इवलासा भाग असतो. तो खोटे बोलू लागला, तर यंत्राला थंड पाणीही तापलेले वाटते. त्याला गरम फडके लावताच ओहमचा आकडा झरझर उतरला. म्हणजे तो प्रामाणिक होता. उरला हीटर. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरने सुमारे २६ ओहम दाखवायला हवे. मीटर काहीच दाखवीना. आतली तार तुटली होती!

ही संध्याकाळी परतली. मी दारातच विजयी मुद्रेने सांगितले, "अगं, यंत्राचा हीटर गेलाय!"

"हो का?" ती म्हणाली आणि पदर खोचून ओट्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने हीटर काढून माझ्यापुढे धरला. त्यावर चुन्यासारखे पांढरे पापुद्रे चढले होते. "मीठ भरत होता ना, साहेब?" आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे जड पाणी. त्यातले क्षार यंत्रातली एक चाळणी धरून ठेवते आणि मीठ त्या चाळणीला पुन्हा ताजे करते. मीठ संपले की क्षार थेट हीटरवर बसतात. मग उष्णता पाण्यात जाईना, की हीटर स्वतःच तापून तापून जळतो. मीठ संपल्याचा एक लहानसा दिवा यंत्रावर संक्रांतीपासून लागलेला होता. मला तो शोभेचा वाटत होता.

मेकॅनिक गेल्यावर ही म्हणाली, "तीन आठवडे झाले, पाणी तापत नव्हतं."

"मग सांगायचं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही पेपरामागून 'हं' म्हणालात."

आणि मग मला कळले. तीन आठवडे, आम्ही सारे निजल्यावर, यंत्रातली ओशट भांडी गॅसवर पाणी तापवून ती पुन्हा हाताने धूत होती. ती बहिणीकडे गेली, त्या एका रात्री तेवढी राहिली. तिने चहाचा कप पुढे केला. तिच्या बोटांवर पुन्हा त्याच, २० सालच्या भेगा होत्या. वॉचमनला दिसेल अशा जागी उभे राहून मी मीटरचे लुकलुकणे मोजले. रोज चहा देणारी बोटे मात्र पाहिली नव्हती.

नवा हीटर यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस भांडी मी घासली. कढईचा तळ तिने तीनदा परत पाठवला आणि मी तो तीनदा मुकाट्याने घासला.

आता दर रविवारी मी गुडघे टेकून मिठाचा कप्पा तपासतो. या दिवाळीत घरातले सगळे दिवे लागोत. तो एक तेवढा विझलेला राहो.