उदाहरण क्रमांक ३

‘उदाहरण ३ मध्ये टंकनदोष दिसतो. कर्ता स्त्री आहे आणि क्रियापद पुल्लिंगी. सर्व उदाहरणे एखाद्या मराठीभाषकाकडून तपासून घ्यावीत.’

युरोपातल्या एका भाषाविज्ञान परिषदेला आम्ही ॲबस्ट्रॅक्ट पाठवला होता, त्यावर आलेला हा अभिप्राय. या गोष्टीला बराच काळ लोटला, तरी एसटीत खिडकीशी बसले की मी त्या माणसाशी मनातल्या मनात भांडायला लागते. माणूस की बाई, तेही ठाऊक नाही. दोन्हीकडची नावं झाकलेली असतात.

उदाहरण ३ असं होतं: ‘मी एकटीच आलो.’

वाक्य शिरोळ तालुक्यातल्या एका मावशींचं. लेकीच्या गावाहून परत आल्याची हकिकत त्या सांगत होत्या. जावई सोडायला येतो म्हणत होता, त्याला कशाला तरास, मी एकटीच आलो. ध्वनिमुद्रणात मागं पिठाच्या गिरणीची घरघर आहे, पण वाक्य लख्ख ऐकू येतं.

कोल्हापूर जिल्ह्यात चार दिवस काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. आमच्याकडं बायका ‘मी येतो’, ‘मी दमलो’, ‘मी चाललो बाजारला’ असंच बोलतात. आई बोलते, घरात मीही बोलते. पुण्याला शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलवर यावरून इतकं हसू झालं की मी मुकाट्यानं ‘येते, जाते’ शिकून घेतलं. हा लेखही त्याच शिकलेल्या मराठीत चाललाय. गावोगावचे हौशी अभ्यासक सांगतात की कोल्हापूरच्या बायका रांगड्या, पुरुषासारखं बोलणाऱ्या, आणि लगेच ताराराणीचा दाखला देतात. ऐकायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. आमची बाई स्वतःबद्दल बोलताना पुरुष होत नाही, हे त्या एका वाक्यात दिसतं. ‘एकटी’ हे विशेषण स्त्रीलिंगीच राहिलंय, बदललंय फक्त क्रियापद. आणि ‘ती’बद्दल बोलताना आम्ही ‘ती येती’, ‘ती जाती’ म्हणतो, तिथं ‘येतो’ कुणी म्हणत नाही. म्हणजे लिंगभेद पुसला गेलाय तो फक्त ‘मी’पुरता.

आता पलीकडं कन्नडमध्ये बघा. ‘नानु बरुत्तेने’ म्हणजे मी येतो किंवा मी येते, पुरुष बोलो की बाई. तृतीय पुरुषात मात्र ‘बरुत्ताने’ आणि ‘बरुत्ताळे’ वेगळे. आमच्यासारखंच तंतोतंत. आणि हा मुलूख भाषांच्या सरमिसळीसाठी जगभर माहीत आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ सालचा कुपवाडवरचा निबंध भाषासंपर्काच्या अभ्यासक्रमात सगळीकडं शिकवतात. सांगलीजवळच्या त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदून त्यांची व्याकरणं एकमेकींच्या जवळ सरकली होती. आज कुपवाड महापालिकेत आहे, एमआयडीसीत आहे. पण ज्या परिषदेत कुपवाडचं नाव प्रत्येकाला पाठ, तिथं कुपवाडच्या शेजारणीचं वाक्य टंकनदोष ठरलं.

ॲबस्ट्रॅक्टचा कारभार कसा असतो ते थोडक्यात सांगते. ए-फोर आकाराचं एक पान, उदाहरणं आणि संदर्भांसाठी फार तर दुसरं. बारा पॉइंटचा टाइप, चारी बाजूंना इंचभर समास. लेखकाचं नाव कुठंही नको, फाइलच्या गुणधर्मांतसुद्धा नको. आमच्या फाइलमध्ये लेखक म्हणून कॉलेजच्या हेडक्लार्कचं नाव निघालं, कारण संगणक त्यांच्या नावावर. ते पुसायला माझ्या सहलेखिकेला अर्धा तास लागला. ती विदर्भातली, आता हैदराबादला शिकवते. डेडलाइन असते ती ‘पृथ्वीवर कुठेही’ या हिशोबानं, म्हणजे जगात जिथं तारीख सर्वांत उशिरा संपते तिथल्या मध्यरात्रीपर्यंत. आपल्याकडं ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी पडते. ऐन वेळी लाइट गेली, फोनच्या हॉटस्पॉटवर फाइल चढवली. असो.

आमचा खरा जीव गेला तो ग्लॉसमध्ये. परकीय भाषेचं वाक्य द्यायचं तर तीन ओळी लागतात: रोमन लिपीत मूळ वाक्य, त्याखाली प्रत्येक तुकड्याचा व्याकरणिक अर्थ, त्याखाली इंग्रजी भाषांतर. मधल्या ओळीसाठी लाइपझिगचे म्हणून ओळखले जाणारे नियम आहेत, ते सगळे पाळतात आणि पाळावेतच. प्रश्न असा की ‘आलो’मधल्या ‘-लो’खाली लिहायचं काय? पाठ्यपुस्तकाप्रमाणं ‘भूतकाळ, पुल्लिंग, प्रथमपुरुष एकवचन’. पण आमचं सगळं म्हणणंच हे, की या बोलीत तो प्रत्यय आता पुल्लिंगी उरलेला नाही. ‘पुल्लिंग’ लिहावं तर आपणच आपल्या म्हणण्यावर काट मारली. न लिहावं तर जे सिद्ध करायचं ते आधीच गृहीत धरलं, असा आरोप. आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत फोनवर यावरून भांडलो.

‘‘अगं, पुल्लिंगच लिही, आणि वर मजकुरात सांग की हेच तपासतोय,’’ ती म्हणाली.

‘‘वर जागा कुठंय?’’

‘‘मग एक उदाहरण काढ.’’

‘‘कुठलं काढू? तिसरं?’’

तिसरं आम्ही काढलं नाही. शेवटी पाठ्यपुस्तकी ग्लॉस ठेवला आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की ही सामग्री शिरोळ आणि कागल तालुक्यांतल्या स्त्रियांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यातून घेतली आहे. आता मला सांगा, ध्वनिमुद्रणात टंकनदोष कसा होतो? मावशी काय टाइप करत होत्या? रिव्ह्यूअरनं पहिला परिच्छेद वाचला नाही, किंवा वाचला आणि ‘सगळीकडची मराठी सारखीच’ समजून पुढं गेला. अभिप्रायातली पुढची ओळ अशी होती: ‘प्रकाशित व्याकरणांत असे रूप नोंदलेले आढळत नाही.’ आढळणार कसं? मोरो केशव दामल्यांचं १९११चं व्याकरण प्रमाण मराठीचं आहे, आणि ते तसं असल्याचं लपवतही नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बोलीचा मासला म्हणून बहुधा बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगून घेतलेली असायची. बाप, दोन मुलगे, चाकर. तीत तोंड उघडणारी एकही बाई नाही. त्या गोष्टीत ‘मी आले’ की ‘मी आलो’ हा प्रश्नच उद्भवत नाही. अशा साधनांत जे सापडलं नाही ते भाषेतच नाही, हा निकाल मला उद्धटपणाचा वाटतो. अजूनही वाटतो.

रिव्ह्यूअरला गुण द्यावे लागतात, उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. शिवाय स्वतःच्या निकालाबद्दल खात्री किती तेही एक ते पाच या आकड्यांत सांगावं लागतं. आमच्या या गृहस्थांनी, म्हणजे गृहस्थ म्हणूया, गुण दिले उणे दोन आणि खात्री सांगितली चार. चार म्हणजे भक्कम खात्री! दुसऱ्यानं अधिक दोन दिले होते. तिसऱ्यानं शून्य. बेरीज शून्यावर आली आणि दिलगिरीची मेल आली, ‘यंदा उत्तम प्रस्ताव फार आले’ वगैरे. मी आयोजकांना लिहिलं. भांडण नव्हतं, वस्तुस्थिती कळवली: हा दोष नाही, ही बोली आहे, ध्वनिमुद्रण पाठवते. सौजन्यपूर्ण उत्तर आलं की निर्णय अंतिम असतात, पुढल्या वर्षी जरूर पाठवा.

सहलेखिकेचं म्हणणं, आपण लिहायला हवं होतं की लेखिकांपैकी एक त्या बोलीची भाषक आहे. नाव न देता एवढं लिहिलेलं चालतं. चालतं खरं, पण इंग्रजीच्या उदाहरणाखाली कुणी लिहितं का की मी इंग्रज आहे, माझ्यावर विश्वास ठेवा? इंग्रजीवरच्या कित्येक निबंधांत भाषेचं नावसुद्धा नसतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एमिली बेंडर यांनी आग्रह धरला की अभ्यास कुठल्या भाषेचा आहे ते नेहमी सांगा, इंग्रजी असली तरी. त्याला आता लोक बेंडरचा नियम म्हणतात. नियम करावा लागला यातच सगळं आलं. आमच्या ॲबस्ट्रॅक्टवर त्याच रिव्ह्यूअरचा शेवटचा प्रश्न होता, ‘मराठीच का?’ इंग्रजीच का, असं त्यानं आयुष्यात कुणाला विचारलं असेल असं वाटत नाही.

तरुण मुलांना मी आता सांगते ते असं. पान भरून सिद्धान्त मांडू नका, उदाहरण लवकर आणा. जे उदाहरण चूक वाटण्याचा संभव आहे त्याच्या शेजारीच लिहा की ही चूक नाही. जागा गेली तर गेली. तुमचा ॲबस्ट्रॅक्ट वाचणाऱ्यापुढं त्या दिवशी तसले आणखी कितीतरी असतात, तो चहाच्या दोन घोटांमध्ये तुमच्यावर निकाल देतो. आणि इंग्रजी दुसऱ्याकडून तपासून घ्या, राग आला तरी.

आपल्याकडंही आनंदच आहे म्हणा. २०१०च्या यूजीसी नियमांनी पदोन्नतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण जोडले आणि महाराष्ट्रात राष्ट्रीय चर्चासत्रांचं पेव फुटलं. उद्‌घाटन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, जेवण, प्रमाणपत्र. शोधनिबंधाचा सारांश नोंदणी फीसकट पाठवा, तासाभरात ‘स्वीकृत’ असा व्हॉट्सॲप येतो. माझाच एक सारांश असा स्वीकारला गेला होता आणि कार्यक्रमपत्रिकेत तो ‘स्त्रीवादी साहित्य’ या सत्रात छापून आला, शीर्षकात ‘स्त्रिया’ शब्द होता म्हणून. तिकडं निदान कुणीतरी उदाहरण ३ पर्यंत पोचलं. चुकीचं वाचलं, पण वाचलं. न वाचता मिळालेल्या होकारापेक्षा तो नकार बरा, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. मग वाटलं, हे आपण कशाला त्याची बाजू घेतोय? दोन्हीकडं मावशी काय म्हणाल्या ते कुणी ऐकलं नाही ते नाहीच.

हे सगळं त्या उणे दोनवाल्याचं झालं. शून्य देणाऱ्याबद्दल मी इतके दिवस कुणाला काही सांगितलं नव्हतं, कारण रागाच्या गोष्टीत तो बसत नाही. त्यानं एवढंच लिहिलं होतं: प्रमाण मराठीत प्रथमपुरुषाच्या अनेकवचनात लिंगभेद नाहीच. ‘आम्ही येतो’, ‘आम्ही आलो’ हे बायकाही म्हणतात. मग एकवचनातलं ‘येतो’, ‘आलो’ तिथूनच आलं नसेल कशावरून? कन्नडचा हात मानायची गरज काय?

एवढंच. पण हे विचारणाऱ्याला मराठी येत होती किंवा त्यानं बसून क्रियापदाची रूपं लावून पाहिली होती. आमच्या मनात तो मुद्दा होता; तळटीपेत घातला होता आणि तळटीप समासाच्या इंचात बसेना म्हणून उडाली होती. पण त्याच्या लेखणीतून आलेला तो जास्त टोचला. कारण अनेकवचनाची ही वाट खरी निघाली, तर कुपवाड, गंपर्झ, शेजारधर्म हा सगळा डोलारा आमच्यापुरता उतरवावा लागणार. मराठीनं हे घरातल्या घरात केलं असं म्हणावं लागणार. आणि मला ते आवडणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कन्नडची गोष्ट मला का प्रिय आहे? माझी आजी गडहिंग्लजकडची, ती दोन्ही भाषा बोलायची. हे काही कारण झालं नाही, पण आहे खरं.

निर्णय करायचा तर सरळ रस्ता आहे. कन्नडचा शेजार नाही अशा ठिकाणच्या बायका स्वतःबद्दल काय बोलतात ते ऐकायचं. तिथंही ‘मी आलो’ निघालं तर शून्यवाला जिंकला. सीमेकडं जावं तसं प्रमाण वाढत गेलं तर आम्ही. बहुधा दोन्ही थोडं थोडं निघेल आणि दोन्ही बाजू म्हणतील, आम्ही सांगितलंच होतं. ध्वनिमुद्रणं सुरू आहेत. बायकांना माइकपुढं ‘मी’ म्हणायला लावणं सोपं नाही; त्या नवऱ्याचं, सासूचं, म्हशीचं सांगतात, स्वतःचं सांगायची वेळ आली की ‘आमचं काय’ म्हणून अनेकवचनात शिरतात आणि आमची पंचाईत होते.

नवा ॲबस्ट्रॅक्ट तयार आहे. ग्लॉसमधून ‘पुल्लिंग’ काढून टाकलंय, तिथं नुसतं ‘प्रथमपुरुष’ ठेवलंय, आणि होऊ देत आरोप. उदाहरण ३ आता उदाहरण १ आहे. त्याखाली ‘टंकनदोष नाही’ अशी ओळ घातलीय. सहलेखिकेला ती भांडखोर वाटते. तिच्या मते शब्द नरम करावेत. अजून ठरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात माझी एमएची एक विद्यार्थिनी विचारत होती. कागलची आहे, या कामात तीच ध्वनिमुद्रणं लिहून काढते. विद्यापीठात तिला याच विषयावर सादरीकरण करायचंय.

‘‘मॅडम, बोलताना मी ‘मांडते’ म्हणू का ‘मांडतो’?’’

मी म्हटलं, ‘‘मांडते म्हण बाई. मार्क कापतील.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बरं. मी विचार करतो.’’