तडा न जाणारी काच

मनाला तडा जातो, नात्याला तडा जातो. हे रूपक आम्ही वर्गात कितीदा उलगडून दाखवले. गेल्या पावसाळ्यात शेणव्याला घरच्या पिकअपची बाजूची काच फुटली आणि तडा हा शब्दच तिच्यापुढे अपुरा पडला.

समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो; ती तडकूनही एकसंध राहते. बाजूची काच मात्र ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने निववलेली असते: पृष्ठभाग दाबाखाली, गाभा ताणाखाली. याच ताणाने ती कणखर होते आणि काठावर टोकदार घाव बसताच याच ताणाने तिचे क्षणात बोथट खडे होतात. म्हणून ती मापाला कापताही येत नाही. गाडीच्या मॉडेलचीच आणावी लागते. शहापूरहून ती येईपर्यंत खिडकीला प्लास्टिक लावून भेंडी कल्याणच्या बाजारात जात राहिली.

कारागिराने नव्या काचेला आधी हात लावलाच नाही. दाराचे अस्तर उतरवले, पोकळीतले खडे वेचले, खोबणी झटकली, तळाची पाणी निथळण्याची भोके मोकळी केली. खडे राहिले तर नवी काच ओरखडते. भोके बुजली तर दार आतून गंजते.

तडा दिसतो, म्हणून त्यावर लिहिता येते. शेवटच्या क्षणापर्यंत अखंड दिसून एकाएकी विखुरणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यासाठी आमच्या समीक्षेपाशी अजून शब्द नाही.