माप माझं, साईज माझी!

शिवणकामात कसलं आलंय थ्रिल? बीबीसीची 'द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी' बघा, मग बोला! प्रत्येक एपिसोडमध्ये तीन फेऱ्या. आधी दिलेल्या पॅटर्नवरून कपडा शिवायचा, मग जुन्या कपड्याचं रूप पालटायचं आणि शेवटी मॉडेलच्या मापाचा ड्रेस. तोही घड्याळ लावून!

2013 साली पहिला सीझन जिंकला अ‍ॅन रॉली यांनी. वय 81! म्हणजे तिशीतल्या माझ्याकडे अजून पन्नास वर्षं आहेत की!

पण मला खरं जिंकलं ते तिसऱ्या फेरीने. मॉलमधला कुर्ता खांद्यात बसला तर कमरेत आवळतो, कमरेत बसला तर खांदे उतरतात. ट्रायल रूममधून बाहेर येताना दरवेळी वाटायचं, आपलंच शरीर बेढब. इथे मात्र मॉडेल जशी असेल तशी आणि बदलायचं ते कापडाने!

आता रविवारी आधी जुन्या चादरीचा कच्चा कुर्ता बेतते. टाचण्या लावून आरशासमोर उभी राहते, हवे तिथे टक्स घेते, मगच चांगल्या कापडाला कात्री. प्रत्येक शिवणीवर लगेच इस्त्री.

आणि साईजचं लेबल? ते लावतच नाही!